बाहुल्यांचे घर

केरळच्या दक्षिण भागात कायमकुळम् नावाचे एक गाव आहे. पूर्वी हा मुलूख त्रावणकोर संस्थानात मोडत असे. या गावी ३१ जुलै १९०२ रोजी केशव शंकर पिल्लई यांचा जन्म झाला. पुढे साऱ्या देशाने त्यांना 'शंकर' या तीन अक्षरांनीच ओळखले. कारण आपल्या चित्रांखाली ते एवढीच सही करीत.

शंकर यांचे बालपण आजोळच्या वातावरणात, आजोबांच्या सहवासात गेले. त्या दिवसांच्या आठवणी इतक्या गोड होत्या की, वयाची साठी उलटल्यावर त्यांनी आजोबांबरोबरच्या त्या जीवनावर मुलांसाठी एक पुस्तक लिहिले व त्यातील चित्रेही स्वतःच काढली. शाळेत असताना नाटक, बालवीर पथक, वाचन यांची त्यांना मोठी हौस होती. एकदा पूरग्रस्तांसाठी निधी जमवण्याच्या कामातही त्यांनी उत्साहाने भाग घेतला होता. चित्रे काढण्याचा नाद तर त्यांना उपजतच होता. एके दिवशी वर्ग चालू असतानाच एका शिक्षकांना डुलकी लागली. शंकर यांनी पाटी-पुस्तक बाजूला सारून त्या निद्रिस्त गुरुजींचे हुबेहूब चित्र रेखाटले! हेच त्यांचे पहिले व्यंगचित्र होय. मुख्याध्यापकांच्या दृष्टीस ते पडले आणि ते भारी संतापले. मुख्याध्यापकांनी संतापावे हे योग्यच होते. परंतु शंकर यांच्या मामांनी ते चित्र निराळ्या नजरेने पाहिले. मुलाच्या बोटांत काही विशेष गुण आहे हे त्यांनी ओळखले व भाच्यास उत्तेजन दिले. शालेय शिक्षण संपल्यावर शंकर यांनी मावेलिकरा येथील रविवर्मा चित्रशाळेत काही काळ चित्रकलेचे धडे घेतले आणि त्यानंतर तिरुअनंतपुरम् येथील महाराजा महाविद्यालयातून १९२७ साली विज्ञानाची पदवी मिळविली.

पदवी पदरात पडल्यावर कायद्याचा अभ्यास करावा, या हेतूने ते मुंबईस आले. मुंबईचे त्या वेळचे वातावरण राष्ट्रीय चळवळीने भारलेले होते. वर्षभरातच शंकर यांनी कायद्याच्या पुस्तकांचा निरोप घेतला व नोकरी पत्करली. नोकरी सांभाळून ते वृत्तपत्रांना व्यंगचित्रे पाठवीत. 'फ्री प्रेस जर्नल' व 'बॉम्बे क्रॉनिकल' या मुंबईच्या पत्रांतून ती छापली जाऊ लागली आणि हा नवा चित्रकार कोण, अशी विचारणा होऊ लागली. दिल्लीच्या 'हिंदुस्तान टाइम्स'चे संपादक पोतन जोसेफ यांचे लक्ष या चित्रांकडे गेले. १९३२ साली त्यांनी शंकर यांना दिल्लीस बोलावून घेतले. त्या पत्रात शंकर १९४६ पर्यंत राहिले. मध्यंतरी सुमारे चौदा महिने लंडनला राहून त्यांनी तेथील कलाशाळांत आपला हात अधिक तयार केला.

व्यंगचित्रकाराचे काम वाटते तितके सोपे नसते. ज्याचे चित्र काढावयाचे त्याचे नाक, भुवया, चालण्याची ढब, पोशाखाची तऱ्हा, हे सारे बारकाईने पाहावे लागते. ते नेमके पकडता आले तरच थोडी अतिशयोक्ती शोभते; नाहीतर चित्र कोणाचे हेच कळत नाही. शिवाय ज्या घटनेवर चित्र असेल ती घटना ठाऊक हवी. १९३९ च्या सुमारास बॅरिस्टर जिनांवर काढलेल्या एका चित्राबद्दल महात्मा गांधींनी शंकर यांस पत्र लिहिले होते. चित्रकला म्हणून तुमचे काम चांगले आहे, परंतु त्यात अचूकपणा नसेल आणि कोणास न दुखवता विनोद करता येत नसेल, तर तुम्ही या व्यवसायात फार वर चढणार नाही, असा त्या पत्राचा आशय होता. बोचऱ्या चित्रांवरच ज्याचे पोट आहे त्याला असा उपदेश पचविणे कठीण. शंकर यांची लेखणी पुढेही तिखटच राहिली. मात्र अचूकपणाचा ध्यास त्यांच्या ठायी शेवटपर्यंत होता, आणि तो पुढे अगदी अनपेक्षित ठिकाणी दिसून आला.

१९४८ साली शंकर यांनी 'शंकर्स वीकली' नावाचे स्वतःचे साप्ताहिक काढले. त्याच्या प्रकाशनास पंतप्रधान पंडित जवाहरलाल नेहरू आले होते. आपल्यालाही या साप्ताहिकाने सोडू नये, असे पंडितजींनी त्या वेळी आवर्जून सांगितले आणि शंकर यांनी त्यांची ही इच्छा पुरेपूर पाळली. या साप्ताहिकाच्या छायेत अबू अब्राहम, कुट्टी, ओ. व्ही. विजयन यांसारखे व्यंगचित्रकार तयार झाले.

मोठ्या माणसांच्या चुका रोज पाहणाऱ्या या कलावंतास मुलांविषयी अपार ओढा होता. १९४९ साली त्यांनी आपल्या साप्ताहिकातर्फे मुलांसाठी चित्रकलेची व लेखनाची स्पर्धा सुरू केली. प्रथम ती लहान प्रमाणावर होती. लवकरच परदेशांतूनही चित्रे येऊ लागली आणि काही वर्षांतच शंभराहून अधिक देशांतील मुले तीत भाग घेऊ लागली. निवडलेल्या चित्रांचे व लेखांचे विशेषांक निघत. या स्पर्धेसाठी निरनिराळ्या देशांच्या वकिलाती बक्षिसे पाठवीत असत. १९५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतील गोष्ट. हंगेरीच्या राजदूतांनी बक्षीस म्हणून एक बाहुली शंकर यांच्या हाती दिली. ती आपल्या देशाच्या पारंपरिक पोशाखात नटलेली होती.

ती बाहुली पाहताच शंकर यांचे मन तिच्यावर जडले. तथापि, ती त्यांची नव्हती. ती कोणा बालविजेत्याची होती. प्रौढ वयाचा, देशभर नावाजलेला एक व्यंगचित्रकार एका बाहुलीपाशी घुटमळतो आहे, हे दृश्य क्षणभर हसू आणणारे वाटेल. परंतु माणसाच्या पोशाखावरून त्याचा स्वभाव टिपण्यात ज्याची हयात गेली, त्याला त्या चिमुकल्या आकृतीत एक सारा देश दिसला यात नवल काय? प्रत्येक देशाची अशी एकेक बाहुली मिळविता आली तर, असा विचार तेथून त्यांच्या मनात घोळू लागला.

येथे बाहुली व बाहुली यांतील फरक ध्यानी घेतला पाहिजे. भातुकलीतील बाहुली खेळावयाची असते. तिला न्हाऊ घालावे, निजवावे, तिचे लग्न लावावे. ती मळली, फाटली तरी तिचे प्रेम कमी होत नाही. वेषभूषेची बाहुली निराळी. एखाद्या लोकसमूहाचा पोशाख, अलंकार, केशरचना, कामधंदा, सणसमारंभ यांची ती नोंद असते. पुष्कळदा असा पोशाख रोजच्या वापरातून केव्हाच गेलेला असतो व तो उत्सवांत, नृत्यांत आणि या बाहुल्यांच्या अंगावरच उरतो. म्हणून अशी बाहुली ही इतिहासाचेच एक पान म्हणावी लागेल. महाराष्ट्रातील मुलांना ही कल्पना परकी वाटू नये. दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला रचून त्यावर सिंहासनाधिष्ठित शिवाजी महाराज, ढालतलवार घेतलेले मावळे, बुरुजावरचे तोफखानेवाले ही चित्रे मांडतात, तेव्हा मुलांच्या हातून सतराव्या शतकातील एक दरबारच उभा होत असतो. मावळ्याच्या डोक्यावर पगडी कोणती व पायांत काय, याविषयी त्या वेळी जे वाद रंगतात तेच वाद शंकर यांच्या कार्यशाळेतही पुढे रंगले असतील.

शंकर यांचा संग्रह वाढण्यास एक संधी चालून आली. पंडित नेहरू परदेशच्या दौऱ्यावर जात, तेव्हा वृत्तपत्रकारांच्या पथकात शंकर यांचा अनेकदा समावेश असे. सभा, मेजवान्या आणि वाटाघाटी यांची हकीकत टिपून झाली की, त्या त्या देशाच्या वेषातील एक बाहुली मिळविणे हे त्यांचे आणखी एक काम होऊन बसले. असे करता करता त्यांच्यापाशी सुमारे पाचशे बाहुल्या जमल्या.

एखाद्या धनिकाने हा संग्रह आपल्या दिवाणखान्यात मांडला असता व आल्यागेल्यास दाखवून धन्यता मानली असती. शंकर यांना हे रुचण्याजोगे नव्हते. ज्या मुलांना कधी परदेशी जाण्याची संधी मिळणार नाही, त्यांनी या बाहुल्या पाहिल्या पाहिजेत असे त्यांच्या मनाने घेतले. स्पर्धेतील निवडक चित्रांची प्रदर्शने ते ठिकठिकाणी भरवीतच असत. त्या चित्रांबरोबर त्यांनी बाहुल्याही पाठविण्यास आरंभ केला. मुलांच्या आनंदास पारावार राहिला नाही. पण या आनंदाची किंमत बाहुल्यांना द्यावी लागली. चित्रे गुंडाळून नेता येतात. बाहुलीचे तसे नाही. तिच्या हातातील पंखा, कमरेचे खड्ग, डोक्यावरील मुकुट, सारेच नाजूक. पेटीत भरणे, आगगाडीने नेणे, उतरविणे, मांडणे आणि पुन्हा भरणे, असे वारंवार घडू लागल्यावर बाहुल्या मोडू लागल्या, त्यांचे पोशाख बिघडू लागले. दूरदेशीची बाहुली मोडली तर ती बदलून कोठून आणावयाची? प्रदर्शने बंद करावीत तर बाहुल्या मुलांच्या दृष्टीआड होणार. चालू ठेवावीत तर बाहुल्याच उरणार नाहीत. शंकर मोठ्या पेचात सापडले.

असेच एक प्रदर्शन दिल्लीत भरले असता पंडित नेहरू आपल्या कन्या इंदिरा गांधी यांच्यासह ते पाहावयास आले. बाहुल्या पाहून पंडितजी प्रसन्न झाले. बोलता बोलता शंकर यांनी आपली अडचण सांगितली. तेव्हा इंदिराजींनी एक सूचना केली. या बाहुल्यांनी मुलांकडे जाण्याऐवजी मुलांनीच बाहुल्यांकडे यावे. त्यांच्यासाठी एक कायमचे घर बांधावे, ही ती सूचना होय. सूचना साधीच होती, परंतु तिने पेच सुटला. मात्र ते घर उभे राहण्यास पुढे काही वर्षे जावी लागली.

दरम्यान शंकर यांनी आणखी एका कामास हात घातला होता. परदेशी फिरत असताना मुलांची सुंदर, सचित्र व स्वस्त पुस्तके त्यांच्या पाहण्यात येत. आपल्या देशातील मुलांना अशी पुस्तके मिळत नाहीत, ही गोष्ट त्यांच्या मनाला लागली. १९५७ साली त्यांनी 'चिल्ड्रन्स बुक ट्रस्ट' ही संस्था स्थापन केली. या संस्थेने मुलांसाठी उत्तम चित्रे असलेली पुस्तके अल्प किमतीत छापली; कित्येक पुस्तके शंकर यांनी स्वतः लिहिली व सजविली. संस्थेची इमारत दिल्लीच्या बहादूरशाह जफर मार्गावर उभी राहिली. तिला नेहरू भवन असे नाव मिळाले. त्याच इमारतीचा एक भाग बाहुल्यांसाठी राखून ठेवण्यात आला.

१९६४ चा मे महिना आला. पंडित नेहरूंची प्रकृती खालावली होती. १७ मे रोजी 'शंकर्स वीकली'त एक चित्र प्रसिद्ध झाले. त्यात हातात मशाल घेऊन शर्यतीचा अखेरचा टप्पा धावणारे, थकलेले, कृश झालेले पंडितजी दाखविले होते; मागून त्यांचे सहकारी येत होते. त्यानंतर अवघ्या दहा दिवसांनी, २७ मे रोजी, पंडितजींचे देहावसान झाले. सोळा वर्षांपूर्वी दिलेला शब्द शंकर यांनी असा अखेरच्या घटकेपर्यंत पाळला होता. ज्या पंडितजींनी त्या बाहुल्या कौतुकाने न्याहाळल्या होत्या, त्यांना बाहुल्यांचे घर पाहण्याचा योग मात्र लाभला नाही.

३० नोव्हेंबर १९६५ रोजी राष्ट्रपती डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन् यांच्या हस्ते या संग्रहालयाचे उद्घाटन झाले. 'शंकर्स इंटरनॅशनल डॉल्स म्युझियम' असे त्याचे नाव. आरंभी तेथे सुमारे एक हजार बाहुल्या होत्या. भिंतीच्या कडेने काचेची कपाटे ओळीने लावलेली. कपाटांची संख्या पुढे एकशेसाठच्या वर गेली. संग्रहालयाचे दोन भाग केलेले आहेत. एका भागात इंग्लंड, अमेरिका, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड यांसारख्या देशांच्या बाहुल्या आहेत. दुसऱ्या भागात आशिया, मध्यपूर्व व आफ्रिका येथील देशांच्या आणि भारताच्या बाहुल्या आहेत. काचेच्या आत बाहुल्या निर्धास्त असतात. त्यांना हात लावता येत नाही याचे काही लहान मुलांना वाईट वाटते, परंतु नाक काचेला टेकवून पाहण्यास मनाई नाही.

या संग्रहात जपानच्या बाहुल्या विशेष लक्ष वेधून घेतात. जपानमध्ये बाहुल्यांचे सणच आहेत. ३ मार्च रोजी मुलींचा सण असतो. त्या दिवशी घरात लाल वस्त्राने आच्छादलेल्या पायऱ्या रचतात. सर्वांत वरच्या पायरीवर सम्राट व सम्राज्ञी, त्यांच्या खाली तीन दासी, त्याखाली पाच वादक, मग दोन मंत्री, सेवक, आणि शेवटच्या पायऱ्यांवर संदुका, पालखी, बैलगाडी असा सारा थाट असतो. या बाहुल्यांचे पोशाख आजच्या जपानचे नव्हेत. ७९४ ते ११८५ या काळातील राजदरबाराचे ते पोशाख आहेत. सण संपला की आई व मुली त्या बाहुल्या जपून गुंडाळून ठेवतात आणि पुढल्या वर्षी पुन्हा काढतात. ५ मे रोजी मुलांसाठी असाच सण असतो. त्या वेळी योद्ध्यांच्या बाहुल्या, चिलखते व शिरस्त्राणे मांडतात. जपानी मुलास सम्राटाचा जुना दरबार पुस्तकात वाचण्यापूर्वीच असा घरात भेटलेला असतो. सामुराई योद्धे, मुखवटे घालणारे 'नो' नाटकातील नट आणि रंगविलेल्या चेहऱ्यांचे 'काबुकी' नट हेही या कपाटांतून उभे आहेत.

थायलंडचे स्त्रियांचे वाद्यवृंद, स्पेनच्या नर्तकी, स्तंभाभोवती फेर धरणारी हंगेरीची मंडळी, श्रीलंकेतील कँडी येथील पेराहेरा नावाची धार्मिक मिरवणूक, अशी एकापेक्षा एक दृश्ये पुढे दिसतात. अर्थात, एक गोष्ट पाहणाऱ्याने विसरू नये. बाहुली बहुधा सणासुदीच्या वेषात असते. स्पेनमधील प्रत्येक स्त्री नाचतच बाजारास जाते किंवा जपानमधील प्रत्येक पुरुष तलवार लटकावून कचेरीत जातो, असे कोणी समजेल तर ती त्याची चूक, बाहुलीची नव्हे.

संग्रहालयास जोडूनच शंकर यांनी बाहुल्या तयार करण्याची कार्यशाळा उभारली. परदेशांतून बाहुल्या येत. त्यांच्या बदल्यात भारताने काय द्यावे, असा प्रश्न होता. बाजारात मिळणारी कोणतीही बाहुली देऊन शंकर यांचे समाधान होणे शक्य नव्हते. येथेच त्यांचा तो जुना अचूकपणाचा ध्यास दिसून येतो. कोणत्याही प्रांताची बाहुली करण्यापूर्वी तेथील लोकांची चेहरेपट्टी, पोशाख व दागिने यांचा बारकाईने अभ्यास करावयाचा, मगच कामास लागावयाचे, असा तेथील नियम होता. महाराष्ट्रातील वधूचेच उदाहरण घ्यावे. तिचे लुगडे नऊवारी हवे व ते कासोटा घालूनच नेसविले पाहिजे; कपाळावर मुंडावळ्या हव्यात; नथ डाव्या नाकपुडीतच हवी; हातांत हिरवा चुडा हवा. यांतील एक गोष्ट चुकली तरी दूरदेशीच्या मुलास ती कळणार नाही. पण ती बाहुली महाराष्ट्राची राहणार नाही. आणि हे सारे वीतभर उंचीच्या आकृतीवर बसवायचे! मोठ्या माणसाच्या लुगड्याचे कापड बाहुलीस नेसविले तर ते फुगून उभे राहते. काठाची वेलबुट्टी तिच्या अंगावर भल्या मोठ्या झाडासारखी दिसते. म्हणून कापड तलम, काठ बारीक आणि दागिनाही त्याच मापाने घडविलेला लागतो.

या कार्यशाळेतील कथकलीच्या बाहुल्यांनी मोठा लौकिक मिळविला. कथकली हे केरळचे नृत्यनाट्य; तेव्हा शंकर यांच्या मायभूमीचीच ती कला. त्यातील पात्रांचा स्वभाव चेहऱ्याच्या रंगावरून ओळखावयाचा असतो. राम, कृष्ण, अर्जुन यांसारख्या थोर नायकांचा चेहरा हिरवा रंगवितात. रावणासारख्या पराक्रमी परंतु उद्दाम पात्राच्या हिरव्या चेहऱ्यावर तांबडे पट्टे येतात व नाकावर पांढरा गोळा बसतो. दुष्ट पात्रांस लाल दाढी असते, तर हनुमंतास पांढरी. स्त्रिया व ऋषी यांच्या चेहऱ्यावर सौम्य पिवळसर छटा असते. नटाचे तोंड रंगविण्यासच कित्येक तास लागतात. तेच सारे रंग बोराएवढ्या चेहऱ्यावर उतरविणाऱ्या कारागिराच्या हाताची कल्पनाच केलेली बरी. रंग चुकला तर नायकाचा राक्षस होणार!

कार्यशाळेत शेकडो प्रकारच्या भारतीय बाहुल्या तयार झाल्या. निरनिराळ्या राज्यांतील स्त्रीपुरुषांच्या जोड्या, वधू, शास्त्रीय नृत्ये करणारे कलावंत असे त्यांचे कित्येक संच होते. परदेशाहून एक बाहुली आली की, तिच्या मोबदल्यात येथील एक बाहुली तिकडे जाई. अशा रीतीने, पैशाची फारशी देवघेव न होता, दिल्लीतील संग्रह वाढत गेला आणि भारताच्या बाहुल्या जगातील संग्रहांत जाऊन बसल्या. १९८० साली पोलंडमधील क्राकोव्ह येथे बाहुल्यांचे आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरले होते. त्यात या कार्यशाळेच्या बाहुल्यांस सुवर्ण मयूरपीस हे पहिले पारितोषिक मिळाले.

संग्रहालय भरभराटीस येत असतानाच शंकर यांच्या दुसऱ्या अपत्यावर मात्र संकट कोसळले. १९७५ च्या जून महिन्यात देशात आणीबाणी पुकारली गेली आणि वृत्तपत्रांवर निर्बंध आले. त्या वेळी पंतप्रधानपदी इंदिरा गांधी होत्या. बाहुल्यांना घर मिळावे ही सूचना ज्यांनी केली होती त्याच. सत्ताधीशांवर हसण्याची मोकळीक उरली नाही तर व्यंगचित्रांच्या साप्ताहिकाने करावयाचे काय? ३१ ऑगस्ट १९७५ रोजी 'शंकर्स वीकली'चा अखेरचा अंक निघाला. हुकूमशाहीला हसणे परवडत नाही, अशा अर्थाचे विचार शंकर यांनी त्या अंकात मांडले आणि सत्तावीस वर्षांचे ते साप्ताहिक बंद केले. त्यांचे वय तेव्हा त्र्याहत्तर होते. साप्ताहिक गेले, तरी मुलांची पुस्तके, स्पर्धा आणि बाहुल्या त्यांच्यापाशी होत्या. १९६७ साली सुरू झालेले डॉ. बिधानचंद्र रॉय यांच्या नावाचे बालवाचनालय होते. १९६८ पासून निघणारे 'चिल्ड्रन्स वर्ल्ड' हे मासिक होते. उरलेली सारी शक्ती त्यांनी या कामांस वाहिली.

भारत सरकारने त्यांना १९५६ साली पद्मश्री, १९६६ साली पद्मभूषण व १९७६ साली पद्मविभूषण हे किताब दिले. दिल्ली विद्यापीठाने त्यांस सन्मान्य पदवी अर्पण केली. पण १९७७ साली मिळालेला एक बहुमान सर्वांहून आगळा होता. पोलंडमध्ये 'स्मितपदक' देण्याची चाल आहे. मुलांना आनंद देणाऱ्या मोठ्या माणसांस ते मिळते आणि ते कोणास द्यावे हे मुलेच सुचवितात. हे पदक स्वीकारणाऱ्याने पेलाभर लिंबाचा रस प्यावयाचा आणि तो पिऊन झाल्यावर तोंड वाकडे न करता हसून दाखवावयाचे, असा त्या समारंभाचा रिवाज आहे. हे पदक शंकर यांस लाभले.

२६ डिसेंबर १९८९ रोजी, वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षी शंकर यांचे निधन झाले. १९९१ साली भारतीय टपाल खात्याने त्यांच्या व्यंगचित्रांची दोन तिकिटे काढली. कायमकुळम् जवळ कृष्णपुरम् येथे त्यांच्या स्मरणार्थ व्यंगचित्रांचे एक संग्रहालयही पुढे उघडण्यात आले. दिल्लीच्या घरातील बाहुल्यांची संख्या वाढत वाढत साडेसहा हजारांच्या घरात पोहोचली. हंगेरीच्या एका बाहुलीपासून निघालेल्या या संग्रहात पंचाऐंशी देशांची माणसे काचेमागे शेजारी शेजारी उभी राहिली. त्यांतील कित्येक देशांची नावे मध्यंतरी बदलली, काही देशांचे तुकडे झाले. बाहुल्यांनी आपले पोशाख बदललेले नाहीत.